ताटाबाहेरचं जेवण

शिळफाट्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि सांगितलं, गुडघा बदलावा लागेल, पण आधी दहा किलो कमी करून या, तोवर मी हात लावणार नाही. मी कशेळ्याच्या शाळेत शिकवते. जीपमध्ये चढताना मला मागून दोघीजणी ढकलतात, त्यातली एखादी माझ्याच हाताखाली शिकलेली असते. त्यामुळे डॉक्टरांचं म्हणणं मी निमूट ऐकलं. मला चालता यायला हवं होतं, बाकी कसलीच हौस नव्हती.

मुलाने फोनमध्ये खाल्लेलं लिहायचं अ‍ॅप टाकून दिलं. त्यात पिझ्झाचे ढीगभर प्रकार होते, तांदळाची भाकरी नव्हती. मी ती चपाती म्हणून लिहू लागले. सकाळची न्याहारी, दुपारचा डबा, रात्रीचा वाटीभर भात, सगळं प्रामाणिकपणे. पेपर तपासताना अर्धा मार्क जास्त न देणारी बाई मी, स्वतःला काय सोडणार. पण महिने गेले तरी काटा ढिम्म हलेना. अ‍ॅप रोज शाबासकी द्यायचं आणि वजनकाटा रोज तोंडघशी पाडायचा. मी अगदी रडकुंडीला आले.

मग एका रविवारी दुपारी भांडी गोळा करताना माझंच माझ्याकडे लक्ष गेलं. मुलाने टाकलेला भाकरीचा तुकडा तोंडात होता. नवऱ्याच्या ताटातला कालवलेला भात संपला होता आणि हात टोपाच्या तळाची खरवड काढत होता. यातलं काहीच मी कधी लिहिलं नव्हतं. आमच्याकडे जेवण म्हणजे ताट वाढून घेऊन बसून खाल्लेलं. ओट्यापाशी उभ्याने पोटात जातं त्याला आम्ही आवरणं म्हणतो. घरात अन्न टाकत नाहीत, आणि कोणी आलंच तर म्हणून मोजकं शिजवतही नाहीत. पूर्वी उरलेलं गोठ्यात जायचं. मग म्हशी विकल्या, गोठ्याच्या खोल्या काढून कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिल्या, आणि म्हशींचं काम माझ्याकडे आलं.

मी आवरणं बंद केलं. जेवायला बसताना नवरा, मुलगा, सासूबाई, सगळ्यांना सांगितलं, लागेल तेवढंच घ्या. नवरा म्हणाला, "उरलं तर टाक की, कोण धरतंय तुला." पण भात कालवताना त्याचा हात कधी आवरला नाही. मला टाकवेना, म्हणून मी उरलेलं झाकून ठेवायचे. सकाळी भांडं रिकामं असायचं. नवरा कामावर जाताना कुत्र्यांना घालत असेल असं मी धरून चालले.

वजन उतरू लागलं. शाळेतल्या बाई विचारायच्या, काय करतेस गं. डॉक्टर खूश झाले, दिवाळीनंतरची तारीख देतो म्हणाले. मला फार आनंद झाला होता, तो आठवला की आता अंगावर येतो.

त्याच सुमारास सासूबाईंच्या पायाच्या अंगठ्याला चपलेचा पट्टा लागला. जखम भरेना. त्यांना साखर आहे, पण गोळीवर आणि बेताच्या खाण्यावर ती इतकी वर्षं ताब्यात होती. आता तपासली तर भलतीच वाढलेली. दवाखान्यात विचारलं, काय खातात? मी छातीठोकपणे सांगितलं, अर्धी भाकरी, भाजी, भात नाही, मीच वाढते.

सासूबाई पलंगावरून हळूच म्हणाल्या, "ताटात तेवढंच आसतं."

मला कळेना. मग त्या म्हणाल्या, "तू खायाचं सोडलंस. मग काय टाकायचं? अन्न हाय ते."

"आई, तुम्हाला साखर आहे."

"मग तुला गुडघा नाय का?" त्या म्हणाल्या. "आधी मीच खायाची. तू आलीस तवा सुटले. आता पुन्हा माज्याकडं आलं, येवढंच."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती आणि तेच मला सहन होईना. उतरलेलं माझं वजन त्यांच्या पायात जाऊन बसलं होतं. बाहेर बाकावर बापलेक वडापाव खात बसले होते. मला त्या दोघांचा इतका राग आला की बोलायलाच गेले नाही. बोलून तरी काय, नवरा म्हणाला असता, टाकायचं होतं.

अंगठा काढावा लागला. आता एक दिवसाआड ड्रेसिंग असतं, मी रजेवर आहे. माझ्या ऑपरेशनची तारीख गेली. नवी कोण घेणार, आणि मी पडले तर त्यांना उठवणार कोण?

काल जेवण झालं. नवरा हात धुऊन टीव्हीसमोर गेला, ताटात कालवलेला भात तसाच. मी कचऱ्याच्या बादलीचं झाकण उघडलं, पण हात होईना. आतून सासूबाईंनी विचारलं, "काय उरलं का गं? थांब, मी येते."

पलंग करकरला. त्या भिंतीला धरून उठत होत्या. मी भराभर भात तोंडात कोंबला, गिळला, आणि म्हटलं, "काही उरलं नाही आई. तुम्ही पडून राहा."