उंब्रज ते सांगली, अन् साधं पाणी मागायची चूक

न मागता बाटली आणून ठेवायची, वर सीलही स्वतःच फोडायचं, म्हणजे नको म्हणायची सोय राहू नये. पेठ नाक्यावरच्या हॉटेलात हेच झालं. मिसळ झणझणीत, तक्रार न्हाई. पण बिलात पाण्याचे वीस रुपये. आमच्याकडं पाणीपट्टी वर्षातनं एकदा भरायची, त्यात घर, म्हशी, पाव्हणे सगळं भागतं. वेटरला म्हणलं, नळाचं का न्हाई आणलं? तर म्हणतो, "मावशी, बसल्या बसल्या 'साधं' म्हणायचं असतं." जाणार असाल तर ध्यानात ठेवा.

निघालो होतो मी अन् मालक, सातव्या महिन्यातल्या लेकीला भेटायला. पहिलं बाळंतपण माहेरी, तवा तिला न्यायचा दिवसही ठरवायचा होता. कराडला एसटी बदलली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं मालकांपेक्षा मी स्वस्त पडले. आष्ट्याच्या पुढं दोन्ही अंगाला ऊस, वारा लय गार. सांगलीत आधी गणपतीचं दर्शन, मग भडंग घेतलं, घाटावर जरा टेकलो. नदी निवांत वाहत होती. तिथंच बसून राहावं असं वाटलं.

लेकीच्या सासरी पोचलो, तर विहीणबाईंनी ट्रेमधून सीलबंद बाटल्या आणल्या. मी नवीन शिकलेलं लगेच वापरलं. म्हणलं, "आमाला साधंच द्या."

झालं, त्यांचं तोंड उतरलं. "आमी काय थाट दाखवतोय व्हय? पोटुशी सून हाय घरात, म्हणून विकतचं आणतो."

साधं म्हणजे नळाचं, हॉटेलात तसंच म्हणतात, असं मी सांगायला गेले, तर आणखी बिघडलं. तुमच्याकडं नळाचंच पितात काय, म्हणाल्या, मग बाळंतपण इथंच करू. लेक मान खाली घालून भाजी निवडत राहिली.

मी गप बसणारी न्हाई. "विहीणबाई, कृष्णा एकच. आधी आमी पितो, मग खाली तुमाला येती."

व्याही असे हसले की चहा बशीत सांडला. विहीणबाईंनीही पदर तोंडाला लावला. पण लेकीला न्यायला हो काही म्हणाल्या न्हाईत, विचार करून सांगते म्हणाल्या. जेवायला मात्र पोट फुटेस्तोवर वाढलं, अन् माझ्या ताटाशी नळाच्या पाण्याचा तांब्या ठेवला.

निघताना लेकीनं माझ्या पिशवीतली घरून भरलेली बाटली काढली आणि दारातच, उभ्या उभ्या, निम्मी संपवली.

घरी आले ती समाधानानंच. लेकीचं अंग भरलंय, सासर जीव लावतंय. त्या बाटल्याही मायेपोटीच येतात, मला काय कळत न्हाई व्हय? पण माया विकत घ्यायलाच पाहिजे असं थोडंच हाय. मी पाणी खळखळून उकळीन, फडक्यानं गाळीन, कोमट करून देईन. खोली पुसून ठेवलीय, बाज विणून झालीय.

विहीणबाई, तुमी मोबाईलवर माझं सगळं वाचता, ठाऊक हाय मला. विचार लय झाला. रविवारी दिवेलागणीच्या आत सांगा, लेकीला न्यायला कवा येऊ?