बेल्ह्याचे नाना आणि त्यांची पुरीभाजी

दवाखाना चालवणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. पेशंट चपला काढून आत येतो आणि किस्सा त्याच्या मागोमाग येऊन बसतो! नव्वदच्या दशकात मी कळंबला हायवेलगत छोटा दवाखाना चालवत होते. तिथले निम्मे किस्से पुरीभाजीचे, आणि पुरीभाजी म्हटली की बेल्ह्याचे नाना आलेच.

नाना बैलांचे व्यापारी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि रक्तात साखर भरपूर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं, "साखर उतरल्याशिवाय मी ऑपरेशन करणार नाही." इकडे बाजारात वय ओळखायला बैलाचे दात दिसेनात. एक म्हातारा बैल तरणा म्हणून नानांच्या गळ्यात पडला तेव्हा ते हादरले. डोळा गेला तर धंदाच गेला! मग बायकोला, म्हणजे हौसाबाईंना घेऊन ते माझ्याकडे आले.

*

मी त्यांना रक्त तपासायला उपाशीपोटी बोलावलं. रिपोर्टमध्ये साखर आभाळाला टेकलेली!

"नाना, सकाळी काही खाल्लं होतं का?"

"छ्या! जेवलोच न्हाई."

"नुसता चहा?"

"च्या आन् पुरीभाजी. आळेफाट्याला गाडी थांबली व्हती ना!"

"अहो, मग खाल्लंच की!"

"बाई, त्यो नाश्टा. जेवाण म्हंजी भाकर!"

आमच्या भागात ही व्याख्या पक्की आहे. तिच्यापुढे माझी डिग्री चालली नाही.

*

मग मी ताट समजावलं. पुरी कमी, भाजी जास्त. नाना शहाण्यासारखी मान डोलवत होते. पंधरा दिवसांनी बघते तर साखर आणखी वर!

"पुऱ्या खाल्ल्या ना?"

"शप्पत, एक सुदिक न्हाई! तुमी म्हनला तशी भाजी वाढवली."

"कुठली?"

"बटाट्याची. वाटीभर न्हाई, पातेलंभर!"

मी कपाळावर हात मारला. बटाट्याचीही पोटात साखरच होते, तो पुरीचा सख्खा भाऊच समजा, असं सांगितलं तेव्हा नानांचा चेहरा पडला.

"मंग बरूबर हाय. भावाभावाला वायलं करायचं पाप मला नगं!"

*

आमचे कंपाउंडर बबनराव हे सगळं ऐकत होते. आरोग्यशिक्षणाची त्यांना भारी हौस. नाना पुढच्या वेळी आले तेव्हा बबनरावांनी समोरच्या हॉटेलातून एक गरम पुरी आणली, जुन्या पेपरवर ठेवली आणि तळहातानं दाबली. कागदावर हा एवढा डाग पडला! त्यांनी तो कागद नानांच्या डोळ्यांसमोर खिडकीच्या उजेडात धरला.

"बघा नाना, निस्तं त्याल! कागुद पार आरपार दिसाया लागला."

नानांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मागे नेला.

"मंग बबनराव, ऑपरेशन कशाला? हीच पुरी माज्या डोळ्याला लावा की!"

त्या दिवसापासून बबनरावांनी आरोग्यशिक्षण बंद केलं. आणलेली पुरी कुणी खाल्ली ते मी विचारलं नाही.

*

श्रावणात नाना आणि हौसाबाई भीमाशंकरला जाऊन आले. साखर पुन्हा वर! मी काही बोलायच्या आतच नाना म्हणाले, "उपास व्हता बाई. कडक!"

"उपासाला काय खाल्लं?"

"राजगिऱ्याच्या पुऱ्या आन् उपासाची बटाट्याची भाजी."

"अहो नाना, तीच पुरीभाजी झाली!"

"आसंल. पन देवाच्या दारचं साखरंत धरायचं नसतं!"

हौसाबाई शेजारी बसून पदराआड हसत होत्या. त्यांनीही तोच उपास केला होता.

*

पण हसणं एकीकडे. शेवटी हौसाबाईंनीच कंबर कसली. बेल्ह्याच्या बाजारात नानांच्या आधी पोचून हॉटेलवाल्याला दम भरायचा, नानांना पुरीभाजी द्यायची नाही. एकदा त्या तिथंच बाकावर राखण करत बसल्या होत्या. नाना आले, चाचपडत त्याच बाकावर टेकले आणि शेजारी वाकून हळूच म्हणाले,

"मावशे, तुज्या नावावर एक पुरीभाजी मागीव, मी खातो. आमची म्हातारी लई खट हाय!"

हौसाबाई उठून सरळ घरी गेल्या. त्या नानांवर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी नाना एकटेच माझ्यासमोर बसले. "बाई, बायकू वळखू आली न्हाई. आता तुमी सांगाल ते खातो." त्यानंतर ज्वारीची भाकरी, मेथी आणि रोजचं चालणं, नानांनी काही म्हणजे काही चुकवलं नाही. साखर उतरली, आणि एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली!

*

पट्टी सोडायच्या वेळी हौसाबाई आणि मी दोघी डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. चारचौघांत उघडी बोटं दाखवणारा व्यापारी म्हणजे अगदीच कच्चा!

डॉक्टरांनी पट्टी काढली. नाना डोळा मिचकावत राहिले. हौसाबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. डॉक्टरांनी दोन बोटं वर केली.

"नाना, किती दिसतात?"

नानांनी बोटांकडे पाहिलं. मग हौसाबाईंकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. खांद्यावरचं उपरणं झटक्यात डॉक्टरांच्या हातावर टाकलं, खाली हात घातला आणि म्हणाले,

"दोन न्हाई परवडत डॉक्टरसायेब, चार पुऱ्यांवर या!"