मॅग्नममामांचं शेवटचं काडतूस

कन्नड गावी माझ्या मामांकडे पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न यायचा, "रानडुक्कर अंगावर आलं तर कोणतं काडतूस वापराल?" पाहुणा सोयरीक घेऊन आलेला असला तरी सुटका नसे. उत्तरही मामाच देत, "मॅग्नमच! जादा ताकदीचं!" म्हणून सगळ्या गावाचे ते मॅग्नममामा.

रायफल त्यांच्या आजोबांनी निजामाच्या काळात घेतलेली. तिची मॅग्नम काडतुसं उरली होती तीन. तसली आता मिळत नाहीत. सादळू नयेत म्हणून मामा ती तांदळाच्या डब्यात ठेवत, आणि मामी भात टाकताना तांदूळ तीनतीनदा चाळून मामांचा उद्धार करत.

शेजारच्या शेताचे शकूरभाई मामांचे जिवलग आणि कायमचे विरोधक. "पाटील, जमाना बदल गया. तुमचं काडतूस म्हंजे नुसतं पितळ. फुटायचंच नाय," असं ते म्हणाले की मामांना चहा कडू लागे.

डुकरं मका नासवायला लागली, वन खात्याची परवानगी आली, तेव्हा वाद हातघाईवर आला. एका सकाळी मामांनी शकूरभाईंसमोर मातीच्या ढिगावर एक काडतूस झाडलं. ढीग अर्धा उडाला, मामांचा खांदा सुजला आणि कोंबड्यांनी चार दिवस अंडी दिली नाहीत.

"बघितलं?" मामा गरजले.

"ते एक चाललं. बाकीची चालतील कशावरून?"

मामांनी तिथंच दुसरं झाडलं. तेही फुटलं.

"अन् तिसरं?" शकूरभाईंनी शांतपणे विचारलं.

मामा पुन्हा रायफल भरायला लागले, तेव्हा मामींनी तिसरं काडतूस हिसकावून पदराच्या गाठीत बांधलं. सिद्ध करायचं तर उडवावं लागणार आणि उडवलं तर शिकारीला उरणार नाही, हे मामींच्या लक्षात आलं होतं, मामांच्या नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी वाळूजच्या कंपनीतून रजा काढून आलो होतो. उजाडताच डुकरं मक्यात शिरली. मामींनी स्वतः गाठ सोडली. मामांनी नेम धरला आणि धरूनच बसले. डुकरांनी निवांतपणे दोन सऱ्या आडव्या केल्या. शेवटी मामांनी रायफल खाली ठेवली आणि पत्र्याचा डबा बडवत त्यांच्या मागं धावले.

"मामा, का नाही मारलं?"

"आरं, नाय फुटलं तर?" मामा हळूच म्हणाले. "शकूरला काय तोंड दाखवू?"

मला हसू आलं आणि त्यांची फार माया वाटली. त्या साली मका हातचा गेला, पण मामांचा शब्द शाबूत राहिला.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. रायफल ठाण्यात जमा करायला मी आणि शकूरभाई गेलो. जमादारानं कागद पुढं ओढला.

"काडतूस, नग एक. चालू का बाद?"

आयुष्यभर त्याला पितळ म्हणणारे शकूरभाई टेबलावर वाकले.

"चालू लिखो, साहेब. एकदम चालू. मैं खुद देखा हूं."