नागापुरे मास्तरांचं इंटरिम

नागापुरे मास्तर रोज सकाळी मुख्याध्यापकांची खुर्ची स्वतःच्या रुमालाने पुसत आणि तिच्या शेजारच्या स्टुलावर बसत. अहेरीच्या शाळेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला वाटे, मुख्याध्यापक कुठे बाहेर गेले असावेत. ते बाहेर गेलेले नव्हते, अजून यायचेच होते. ते येईपर्यंत शाळा सांभाळावी असा हुकूम मास्तरांना होता, आणि त्या इंग्रजी हुकुमात 'इंटरिम' हा शब्द होता.

मुलांनो, तुम्ही परदेशात हा शब्द दिवसातून चारदा वापरत असाल. मला तो मास्तरांनी शिकवला. माझे वडील अहेरीला जंगलखात्यात रेंजर होते आणि मास्तर संध्याकाळी आमच्या ओसरीवर मला इंग्रजी शिकवायला येत. अर्थ सांगताना त्यांनी शब्दकोश उघडला नाही. त्यांनी प्राणहिता नदीकडे हात केला. "डोंग्यात बसलीस का कधी? हा काठ सुटला, तो आला नाई, त्याले म्हणतेत इंटरिम. पण पलीकडचा काठ दिसाले पायजे. काठच दिसत नसन, तर ते इंटरिम नाई, ते नुसतं वाहत जाणं हाये." मग उपयोगासाठी पाच वाक्यं करायला लावली. पाचवं चुकलं तेव्हा म्हणाले, "शब्द बरोबर हाये. त्याच्या पुढं काय होणार ते लिहिलंच नाईस."

हा नियम त्यांना स्वतःला लागू नसावा. मुख्याध्यापकांसाठी बांधलेलं कौलारू घर कुलूप लावून ठेवलेलं आणि मास्तर बाजाराजवळ एका खोलीत राहत. अंथरूण रोज सकाळी होल्डॉलमध्ये गुंडाळून पट्टे आवळून ठेवत, जणू दुपारच्या मोटारीने निघायचं आहे. आई विचारी, "मास्तर, एक खाट तरी घ्या." ते म्हणत, "घेऊ ना बाई, ऑर्डर आली का घेऊ."

मास्तरांनाच मुख्याध्यापक म्हणून कायम करणारी ही ऑर्डर येत नव्हती याला कारण होतं. खात्याने नेमलेला माणूस अहेरीचं नाव ऐकून हिवतापाची रजा आधीच टाकी. दुसरा नेमायचा, तोवर आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. मास्तरांचे कागद नागपूरला अडकले होते, ते आता मुंबईच्या वाटेला लागले. मास्तरांना यात प्रगती दिसली.

या सगळ्यात एक माणूस खरोखर अडकलं होतं. सावलीजवळच्या एका गावी माझ्या आईची मामेबहीण होती, चंद्रकलामावशी. तिचं आणि मास्तरांचं साक्षगंध झालं होतं. आपल्याकडे साक्षगंध झालं की मुलगी माहेरात राहते, पण माहेरची मोजली जात नाही. तिच्यासाठी दर सणाला सासरची साडी येते. मास्तर साडी नेमाने पाठवत. लग्नाची तारीख मात्र ऑर्डरच्या हवाली. मुख्याध्यापकाची बायको म्हणून तिने त्या कौलारू घरातच पाऊल टाकावं, अशी त्यांची इच्छा होती. ते याला कर्तव्य म्हणत. मला आता वाटतं, तो अभिमान होता. तिच्यानंतर दोन वर्षांनी साक्षगंध झालेल्या मुलींच्या कडेवर एव्हाना लेकरं होती.

एका हिवाळ्यात मावशी भावाबरोबर अहेरीच्या बाजाराचं निमित्त करून आमच्याकडे आली. मास्तरांची डोंग्याची व्याख्या मी तिला मोठ्या ऐटीत ऐकवली. तिने ती दोनदा म्हणायला लावली. संध्याकाळी आईने मास्तरांना चहाला बोलावलं. मावशी चहा घेऊन स्वतः बाहेर आली, हे पाहून तिचा भाऊ खांबाकडे बघू लागला.

"पोरांले सांगता म्हणे, पलीकडचा काठ दिसाले पायजे," ती म्हणाली. "मले कोणता काठ दिसून राह्यला, सांगा."

मास्तरांनी कप खाली ठेवला. ऑर्डर बहुतेक पुढच्या महिन्यात, असं काहीसं ते पुटपुटले.

"येऊ द्या ना. पण आमच्या बांधीतले धानाचे पऱ्हे ऑर्डरीची वाट पाहत नाईत. रोपाले कांडी धरली का मंग कितीबी चिखल करून रोवा, फुटवे येत नाईत." ती भांडत नव्हती, शेताचं सांगावं तसं सांगत होती. "उन्हाळ्यापर्यंत थांबतो मी. मंग तुमच्या साड्या घेऊन जा. एकही नेसलो नाई, घड्या तशाच हायेत."

मास्तरांच्या चहावर साय धरली. उठताना त्यांनी मला त्या दिवशीचा धडा विचारला नाही, मावशीच्या भावाला मात्र घरी परतायची मोटार किती वाजता आहे ते विचारलं. दुसऱ्या दिवशी त्याच मोटारीने ते सावलीकडे तारीख ठरवायला गेले, आणि आईने सांगितलं की खोलीतलं अंथरूण उघडंच पडलं होतं.

लग्न उन्हाळ्यात झालं. संसार बाजाराजवळच्या त्याच खोलीत मांडला. मग ऑर्डर आली. तिच्यात दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. ते गृहस्थ आले, कौलारू घराचं कुलूप उघडलं, पहिल्या पावसात तापाने फणफणले आणि रजेवर गेले ते गेलेच. खात्याने नागापुरे मास्तरांना कळवलं, तोपर्यंत शाळा सांभाळावी. शब्द तोच होता.

पुढे मला नागपूरला शिकायला पाठवलं. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला मी सुट्टीत आले, तेव्हा त्यांच्या खोलीत गेले. होल्डॉलच्या पट्ट्यांनी आढ्याला झोळी बांधली होती आणि तिच्यात त्यांची तान्ही मुलगी झोपली होती. मावशी त्या साड्यांपैकी एक नेसली होती. मास्तर शाळेत आहेत म्हणाली, म्हणून शाळेत गेले. स्टूल कोपऱ्यात होतं, त्यावर खडूंचा डबा. मास्तर खुर्चीत बसले होते.

मी विचारलं, "ऑर्डर आली का, मास्तर?"

"नाई," ते म्हणाले. "पण खुर्ची पक्की हाये."