साडूंच्या कुजणाऱ्या पिशव्या

आमच्या थोरल्या साडूंइतका छापील अक्षरावर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नसेल. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते वस्तू वापरत नाहीत, वाचतात. लग्नाच्या पंगतीत ताट उलटं करून ते कशापासून बनलंय हे वाचत बसतात, तोवर वाढपी वरण घेऊन पुढे गेलेला असतो. त्यांच्या सोसायटीत ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारी बंद टाकी बसली, तेव्हा तिचं पौरोहित्य त्यांनी न मागता स्वीकारलं. गॅस जायचा वॉचमनच्या बायकोच्या शेगडीला. कचरा कुजणाऱ्या पिशवीतच भरायचा आणि पिशवीसकट टाकीत टाकायचा, असा साडूंचा हुकूम. स्वतः जिन्यात उभे राहून लोकांच्या बादल्या तपासायचे. साधी पिशवी आणणाऱ्या एका आजींना तर "हा पृथ्वीशी द्रोह आहे!" असं सुनावून त्यांनी कोथिंबिरीच्या काड्यांसकट परत पाठवलं होतं.

मग शेगडी मिणमिणायला लागली. "साहेब, चहाबी उकळंना," वॉचमनची बायको म्हणाली. साडूंनी आधी तिच्या शेगडीला दोष दिला, मग आजींना. शेवटी टाकी बसवणारा इंजिनिअर आला. झाकण उघडलं, तर आतल्या ढवळणाऱ्या दांड्याला पिशव्यांचा हा भला मोठा गुंडाळा! एकीवरची 'मी मातीत मिसळते' ही हिरवी अक्षरंसुद्धा शाबूत. सगळी सोसायटी पोट धरून हसली. "काका, हिला कुजायला हवा लागते, ऊब लागते. बंद टाकीत ती नुसती अडकून बसते," इंजिनिअर म्हणाला.

"तेच तर मी सांगत होतो!" साडू गरजले. संध्याकाळी मात्र घरातला जादाचा सिलिंडर स्वतः ओढत वॉचमनच्या खोलीत ठेवून आले. पुढे "काय, मिसळली का मातीत?" असं पोरंटोरंही विचारू लागली, तेव्हा ते जिना सोडून लिफ्टने जाऊ लागले.

उन्हाळ्यात त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. पालापाचोळ्याच्या ढिगात त्यांनी एक पिशवी पुरून ठेवली होती. "सगळ्यांना निरोप दिला होता. तू तेवढा आलास," असं म्हणत त्यांनी उकिडवं बसून हातानेच ढीग उकरला. खरोखरच पिशवी नव्हती. होती ती फक्त वरची गाठ, चिवट, जशीच्या तशी. माझी नजर शेजारच्या आंब्याच्या पानांवर आहेसं समजून त्यांनी ती गाठ हळूच खिशात टाकली.

"गेली ना रे सगळी?"

"गेली की हो," मी म्हणालो.