ओटीवरचं परराष्ट्र खातं

लग्न होऊन मुरुडला आले तेव्हा मी कमी बोलायची. कमी बोलणाऱ्याला ऐकू फार येतं, आणि सासरच्या ओटीवर तर रोज एक नवा किस्सा! दुपारी तीनला मी चहा नेऊन ठेवला, की तिथे जगाचा कारभार सुरू व्हायचा. कारभारी तिघं: माझे सासरे, म्हणजे मामंजी; त्यांचे मित्र बापूसाहेब, कचेरीतले रिटायर्ड हेडक्लार्क; आणि शेजारचे हसनचाचा, जन्मभर बोटीवर खलाशी. मला मुलींच्या शाळेत मास्तरीण व्हायचं होतं, आणि परवानगी याच ओटीवरून यायची होती.

*

सुएझच्या कालव्यावरून तंटा पेटला. बापूसाहेब तावातावाने म्हणाले, "चाचा, तुम्ही तर कालवा पाहिलाय! सांगा!"

"सात डाव गेलो तिकडनं. दोन्ही बाजूंना रेती. भांडायचं काय त्यात?"

"अहो, तत्त्व आहे, तत्त्व!"

"असंल. आपण खाली इंजिनरूममधी होतो. दिसलं न्हाय."

माझा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

*

पलीकडच्या वाडीतला एक माड आमच्या कौलांवर झुकलेला. मामंजींनी कडक भाषेत निषेधाचा खलिता धाडला. दुसऱ्या दिवशी तोच कागद परत आला, आत सुक्या कोळंबीचे पावशेर सोडे गुंडाळून!

मामंजींनी जेवताना जाहीर केलं, "संबंध सुधारताहेत."

*

पावसात लाँच बंद, एसटीही अडकायची. मग आठ दिवसांची वर्तमानपत्रं एकदम येत. मामंजींचा दंडक असा, की रोज एकच उघडायचं. "बातमी शिळी चालेल, क्रम चुकता कामा नये!"

मी गठ्ठा झटकताना पुढचं वाचायची आणि सासूबाईंच्या कानात सांगायची. सासूबाईंनी आजवर वर्तमानपत्र उघडलं होतं ते फक्त सांडगे वाळत घालायला. पण त्या दारातून म्हणायच्या, "बघा, उद्या दोन्ही देश बोलायला बसतील." आणि बसायचे!

शेवटी बापूसाहेब आत डोकावून विचारू लागले, "वहिनी, रशियाचं काय होईल?"

"थांबा. भात उतरवते, मग सांगते."

*

शाळेतून निरोप आला, सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसरीला. मी लुगड्याला निखारे भरलेल्या तांब्याने इस्त्री करून ठेवली. हे मुंबईला. पत्रात एकच ओळ, "बाबांना विचार."

विचारलं. मामंजी म्हणाले, "आपलं धोरण तटस्थ. 'हो' नाही, 'नाही'ही नाही."

सोमवार गेला. त्यानंतरच्या रविवारी बापूसाहेबांनी विषय काढला, "सूनबाईंच्या नोकरीचं काय ठरलं?"

"विचारविनिमय चालू आहे," मामंजी म्हणाले. "घाईने युद्धं होतात."

सासूबाई कपबशा ठेवत म्हणाल्या, "गेल्या सोमवारपासून जातेय ती. आठवडाभर तुम्हाला चहा मी आणून देतेय. लक्ष कुठाय?"

मामंजी हळूच चाचांकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"रोज बघतो की. आमच्याच दारावरनं जाते." चाचांनी बशीत चहा ओतला. "पण आपण तटस्थ!"