फायटरचा फेस

लेकीने चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या जयपुरातल्या, दुकानातून फायटर आणला तेव्हाच मी बजावलं होतं, त्याचं पाणी मी बदलणार नाही. अर्थात मीच बदलत होते. बोटाएवढा निळा मासा, लाल झालर लावल्यासारखे पर. टाकीला आरसा टेकवला की गाल फुगवून स्वतःवरच धावून जायचा. लेकीला त्याची गंमत वाटे, म्हणून आरसा तिथेच असायचा. "त्याला कशाला डिवचतेस?" हे माझं रोजचं.

मग तिने मादी आणली. "आई, मतलब, एकटा बोअर होत असेल ना तो."

रविवारी दोघांना एकत्र सोडून आम्ही बनी पार्कला एका लग्नाला गेलो. परतलो तर मादी तळाशी दडलेली, शेपटीच्या चिंध्या झालेल्या. मी हात धुऊन तिला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत हलवलं. त्याचा मला रागच आला होता.

सोमवारी ऑफिसला निघताना पाहिलं तर टाकीच्या कोपऱ्यात, पाण्यावर पांढऱ्या फेसाचा थर. माझ्या हाताचा साबण पाण्यात गेला असणार. साबणाने मासा मरतो. ऑटोत बसल्यावर लेकीला फोन केला.

"उठलीस का? फायटरच्या टाकीत फेस दिसतोय. तो आधी काढून टाक."

"आत्ता?"

"आत्ता. मरेल तो."

"फेस बघून कोण मरतं, आई?"

"वाद घालू नकोस. काढ."

संध्याकाळी आले तर फेस होता तसाच. आरसा तेवढा गायब.

"तुला काय सांगितलं होतं?"

"काढला की! हा काय आरसा, कपाटात ठेवलाय. आता त्याला फेस दिसत नाही."

मला समजायला वेळ लागला. "अगं, फेस म्हणजे झाग!"

"मग झाग म्हण ना!"

तिचं चुकलं नव्हतं. जयपुरात आल्यापासून घरात आम्ही झागच म्हणत आलो. घाईत माझ्या तोंडून भुसावळचा शब्द गेला आणि तिने तो इंग्रजीत ऐकला.

मी चमचा घेऊन फेस काढायला गेले. मासा थेट चमच्यावर आला. स्टीलवर तोंड आपटल्याचं मला बोटांत जाणवलं. त्या धक्क्याने फेस हलला आणि त्यातून खसखशीएवढे पांढरे दाणे खाली पडू लागले. त्याने चमचा सोडला. एकेक दाणा तळाला पोचण्याआधी तोंडात झेलला, वर गेला, बुडबुड्यांमध्ये ठेवला, पुन्हा खाली आला.

ती अंडी होती. फेस त्याने स्वतः हवा गिळून, तोंडातल्या चिकट लाळेत घोळवून, बुडबुडा बुडबुडा करत बांधला होता. लेकीने मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं, पण मी ऐकत नव्हते. ज्या तोंडाने मादीची शेपटी फाडली, त्याच तोंडात अंडं होतं आणि ते फुटत नव्हतं. मी चमचा हातात धरून तशीच उभी राहिले. गॅसवरचं दूध उतू गेलं.

आता अडचण कूलरची. तो खिडकीत आणि टाकी त्याच खिडकीखालच्या फळीवर. कूलर सुरू झाला की फळी थरथरते. फेस कोपऱ्यातून सुटू लागला. टाकी उचलली असती तर उरलासुरलाही मोडला असता. मी बटण बंद केलं.

ड्यूटीवरून आलेले नवरोबा घामाने निथळत म्हणाले, "जूनमध्ये? शास्त्री नगरात? माशासाठी आपण भाजायचं?"

"हो."

"त्याला तरी विचारलंस का, कूलरला त्याची काही हरकत आहे का?"

तेही मग बनियनवर टाकीसमोर खुर्ची ओढून बसले.

अंड्यांतून पिल्लं आली, म्हणजे शेपट्याच. फेसाला उलट्या लोंबणाऱ्या, केसाएवढ्या. एखादी सुटून खाली जाई, तो तोंडात धरून परत नेऊन लावे. तो काही खात नव्हता. मी टाकलेले दाणे तळाशी तसेच पडून राहिले. आम्ही तिघं पंख्याखाली, हातरुमालाने मान पुसत, त्याची ये-जा पाहत होतो. घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

मग एका सकाळी पिल्लं आडवी झाली आणि आपापली पोहू लागली. तो त्यांना तोंडात भरून फेसाकडे आणी, ती लगेच पुन्हा निघत. फेस तोवर बराचसा विरून गेला होता. पिल्लं मोकळी पोहू लागली की बाप त्यांना खाऊही शकतो, असं लेकीने वाचलं होतं, म्हणून मी माशाला वाटीने अलगद काढून दुसऱ्या भांड्यात सोडलं. तिथे तो पहिल्यांदाच दाण्यावर तुटून पडला.

"फेस संपला," लेक म्हणाली.

मी कूलर लावला.